दृढीकरण : देणे, घेणे आणि होणे

दृढीकरण संस्काराविषयी बोलताना आपण मराठीत तीन क्रियापदे वापरतो. बिशप दृढीकरण 'देतात', मुले-मुली दृढीकरण 'घेतात' आणि आईवडील शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगतात, की आमच्या मुलीचे दृढीकरण 'झाले'. एकाच संस्कारासाठी तीन क्रियापदे वापरली जावीत, ही केवळ व्याकरणाची बाब नाही. 'देणे' म्हटले की दात्याकडे लक्ष जाते. 'घेणे' म्हटले की घेणाऱ्याची इच्छा आली. आणि 'झाले' म्हटले की एक काम हातावेगळे झाल्याचा सुस्कारा ऐकू येतो. आपल्या धर्मग्रामांतून यांपैकी कोणते क्रियापद मनापासून उच्चारले जाते, यावर आपल्या कुमारवयीन मुलांची तयारी कशी होईल हे अवलंबून आहे. म्हणून या अंकात आम्ही हा विषय वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रश्न तसा जुनाच आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला आपण वर्षभर रविवारच्या मिस्सानंतर वर्गाला बसवतो, प्रार्थना पाठ करून घेतो, हजेरी मांडतो. मग बिशप येतात, नवे कपडे शिवले जातात, फोटो निघतात, घरी जेवण होते. पुढच्या महिन्यात त्याच मुलांची रांग मंदिरात विरळ दिसू लागते. हे पाहून काही ज्येष्ठ म्हणतात, "मुलांना समज येईपर्यंत थांबा, वयात आल्यावर त्यांनी स्वतः मागितले तर द्या." दुसरे म्हणतात, "थांबलात तर मुले हातची जातील. लहानपणीच उरकून टाका." दोन्ही बोलण्यांत कळकळ आहे. पण पहिल्या मतात संस्कार म्हणजे मुलाने दिलेली संमती ठरते आणि दुसऱ्यात तो मुलाला घातलेला लगाम ठरतो. संस्कार या दोहोंपैकी एक तरी आहे काय, हे आधी पाहिले पाहिजे.

संस्काराचा इतिहास काय सांगतो?

प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात शोमरोनातील नवख्रिस्ती लोकांची हकिगत आहे. फिलिपाने त्यांना स्नानसंस्कार दिला होता. ते कळल्यावर यरुशलेमहून पेत्र आणि योहान तेथे गेले, त्यांनी प्रार्थना केली, त्यांच्यावर हात ठेवले आणि त्यांना पवित्र आत्मा मिळाला. हात ठेवण्याची ही कृती दृढीकरणाचे मूळ मानली जाते. येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. प्रेषित त्या लोकांची परीक्षा घ्यायला गेले नव्हते. आणि गावातली छोटी मंडळी आता एकटी नाही, ती साऱ्या ख्रिस्तसभेशी जोडली गेली आहे, ही खूण त्या भेटीत होती. आजही बिशप दूरच्या धर्मग्रामात येतात तेव्हा तीच खूण पुन्हा पटते.

पहिल्या शतकांत स्नानसंस्कार, तेलाचा अभ्यंग आणि ख्रिस्तशरीर हे तिन्ही एकाच सोहळ्यात, बहुधा पास्काच्या रात्री, बिशपांच्या हातून मिळत. ख्रिस्तसभा खेड्यापाड्यांत पसरली तेव्हा बिशपांना सगळीकडे पोचणे अशक्य झाले. पूर्वेकडच्या ख्रिस्तसभांनी यावर असा मार्ग काढला, की बिशपांनी पवित्र केलेल्या तेलाने धर्मगुरूनेच तान्ह्या बाळाला स्नानसंस्काराबरोबर अभ्यंग करावा. ती प्रथा तेथे आजही आहे. पश्चिमेकडे मात्र हा अभ्यंग बिशपांसाठी राखून ठेवला गेला आणि स्नानसंस्कार व दृढीकरण यांत अंतर पडत गेले. पुढे १९१० साली पोप दहावे पायस यांनी सात वर्षांच्या सुमाराच्या, समज आलेल्या मुलांना ख्रिस्तशरीर घेऊ द्यावे असा निर्णय दिला. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी दृढीकरण प्रथम ख्रिस्तशरीराच्या मागे गेले आणि हळूहळू कुमारवयात येऊन स्थिरावले.

तात्पर्य, दृढीकरण कुमारवयातच का, याचे उत्तर बऱ्याच अंशी इतिहासाच्या वळणांत आहे. १९८३ चा धर्मकायदाही समज येण्याचे वय हीच सर्वसाधारण मर्यादा सांगतो आणि वेगळे वय ठरवण्याची मोकळीक त्या त्या देशाच्या बिशप परिषदेला देतो. १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथाने तर स्पष्ट इशारा दिला आहे. श्रद्धेचे प्रौढत्व आणि शरीराच्या वाढीचे प्रौढत्व यांची गल्लत करू नये. आणि स्नानसंस्काराची कृपा फुकट मिळालेली आहे, तिला पुढे कोणाच्या मंजुरीची गरज नसते, असा त्याचा आशय आहे. संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकातच म्हणून ठेवले होते, की देहाचे वय आत्म्याच्या वयाला अडसर होत नाही; लहान मूलही आत्म्याने प्रौढ असू शकते.

मग 'आता मी मोठा झालो, आता मी माझा धर्म निवडतो' असा दृढीकरणाचा अर्थ आपण मुलांना शिकवतो, तो कोठून आला? तो आपल्या काळाच्या हवेतून आला. निवडणे म्हणजेच माणूस असणे, असे आजचे जग मानते. मतदान, शाळेतली शाखा, नोकरी, जोडीदार, सगळे निवडायचे. तेव्हा श्रद्धाही निवडली नाही तर ती आपली नव्हे, असे मुलांना वाटते आणि आपणही तेच त्यांच्या गळी उतरवतो. परंतु १९७१ साली पोप सहावे पॉल यांनी संस्काराचा जो विधी सुधारून दिला, त्यातील मुख्य वाक्यात मुलाने काय केले याचा उल्लेखच नाही. तेथे मुद्रा उमटवली जाते, आणि ती पवित्र आत्म्याच्या दानाची असते. कपाळावर तेलाचा क्रूस ओढणारा हात दुसऱ्याचा असतो. ख्रिस्ताला आपण दृढ करीत नाही. ख्रिस्त आपल्याला दृढ करतो. म्हणून 'देणे' हे क्रियापद पहिले.

दान आहे तर तयारी कशाला?

येथे चिकित्सक वाचक विचारील : सारे दानच असेल तर वर्ग कशाला, धर्मशिक्षकाची पायपीट कशाला, आणि मुलाला 'होय' म्हणायला तरी का लावायचे? शंका रास्त आहे. तिचे उत्तर आपल्या शेतातच सापडते. आपल्या भागात पावसाळ्याआधी जमिनीच्या एका तुकड्यावर पालापाचोळा आणि शेण पसरून राब भाजतात. त्या राबात बी पेरतात. रोपे वीतभर झाली की ती उपटून, त्यांच्या जुड्या बांधून, चिखलात लावणी करतात. लावणीने रोप भात होत नाही. ते बी पडल्या दिवसापासून भातच असते. मात्र ते राबातच दाटीवाटीने राहिले तर त्याला ओंबी धरणार नाही. उपटण्याचा धक्का बसतो, दोन-चार दिवस रोप पिवळे पडते, मग ते खोल मूळ धरते.

कुमारवय हे असेच उपटले जाण्याचे वय आहे. मुलगा आश्रमशाळेत जातो, मुलगी वसतिगृहात राहते, कोणी आयटीआयसाठी शहर गाठतो, कोणी आईवडिलांबरोबर वीटभट्टीवर जातो. घरातल्या दाटीत आपोआप होणारी संध्याकाळची प्रार्थना तेथे नसते. म्हणजे उपटणे तर होणारच आहे. ते आपल्या हातात नाही. रोप जेथे पडेल तेथे त्याला मूळ धरता यावे, एवढी काळजी मात्र आपल्याला घेता येते. संस्कार ही कृपा आहे आणि तयारी हा चिखल आहे. चिखलाने पीक येत नाही, पण चिखलाशिवायही ते येत नाही.

दुसरे उदाहरण भाषेचे. आपली मायबोली आपण निवडलेली नसते. घरात वसईची सामवेदी असो, वाडवळी असो, तलासरीची वारली असो, ती आपल्याला मिळते. तरीही एक दिवस असा येतो, की ती बोलायची की तिची लाज धरायची हे आपले आपल्याला ठरवावे लागते. वर्गात कोणी हसले म्हणून आईशी चारचौघांत मायबोलीत बोलणे सोडून देणारी मुले आपण पाहतो. न निवडलेल्या गोष्टीशी प्रामाणिक राहण्याची निवड ही अशी असते. श्रद्धेचेही तसेच आहे. मिळालेल्या दानाला लाज न बाळगता आपले म्हणणे, हे 'घेणे' या क्रियापदाचे खरे काम आहे. म्हणूनच दृढीकरणाच्या विधीत मुले स्नानसंस्काराची वचने पुन्हा स्वतःच्या तोंडाने उच्चारतात. तान्हेपणी धर्ममातापित्यांनी दिलेली उत्तरे आता ती स्वतः देतात.

सरावलीच्या बाजूने पाहताना

१९९८ साली मुंबई महाधर्मप्रांतातून वसई धर्मप्रांत वेगळा झाला. डहाणू आणि तलासरी हे तालुके त्याच्या उत्तर टोकाला, गुजरातच्या सीमेला भिडलेले आहेत. २०१४ पासून हा सारा मुलूख पालघर जिल्ह्यात मोडतो. वसईच्या जुन्या धर्मग्रामांत मंदिर हाकेच्या अंतरावर असते आणि दर रविवारी वर्ग भरवणे सोपे जाते. सरावलीच्या बाजूला चित्र वेगळे आहे. येथे वस्ती पाड्यापाड्यांत विखुरलेली आहे. शेतीची कामे आटोपली की अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर किंवा गुजरातकडे कामाला जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. मुले त्यांच्याबरोबर जातात, किंवा आजीकडे राहतात, किंवा आश्रमशाळेत अडकून पडतात. अशा मुलांना 'वर्षातून इतके रविवार हजेरी हवी' हा नियम लावला तर यादीतून पहिले नाव कोणाचे गळेल? जो सर्वांत गरीब, त्याचे.

ही केवळ सोयीगैरसोयीची गोष्ट नाही, न्यायाची आहे. धर्मकायदा म्हणतो, की जे योग्य वेळी, योग्य मनोवृत्तीने संस्कार मागतात आणि ज्यांना कायद्याची आडकाठी नाही, त्यांना धर्मगुरूने तो नाकारू नये. दृढीकरणासाठी समज आलेल्या व्यक्तीला यथायोग्य शिक्षण मिळालेले असावे, तिची मनोवृत्ती ठीक असावी आणि तिला स्नानसंस्काराची वचने नव्याने देता यावीत, एवढेच तो मागतो. हजेरीपट हे यथायोग्य शिक्षण मोजण्याचे एक साधन आहे. साधनालाच शिक्षण समजणे बरे नव्हे. भट्टीवर सहा महिने राहून ज्या मुलीने धाकट्या भावंडांना रोज रात्री क्रूसाची खूण करायला शिकवली, तिची तयारी कोणत्या रकान्यात मांडायची?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपल्याला रोमपर्यंत जावे लागत नाही. ते डहाणू तालुक्यातच एकदा सापडलेले आहे. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ पुढे आयुष्यभर या भागात राहिल्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत असे दिसले तेव्हा या दोघींनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच मुलांच्या अंगणात नेली. त्यातून अंगणवाडीची कल्पना रुजली. गुरे राखणारी मुले अंगणातही सापडत नाहीत असे दिसले तेव्हा शाळा गुरांच्या मागे माळावर गेली आणि तिला कुरणशाळा म्हटले गेले. त्या दोघी काही ख्रिस्ती धर्मशिक्षिका नव्हत्या. पण हरवलेल्या मेंढराच्या मागे जाणाऱ्या मेंढपाळाचा दाखला ज्यांनी ऐकलेला आहे, त्यांनी तरी या दोघींकडून शिकायला संकोच का करावा?

धर्मशिक्षणाची कुरणशाळा होऊ शकते. पावसाळ्याचे चार महिने, कुटुंबे गावी असताना, पाड्यावरच संध्याकाळी वर्ग घेता येतील. आश्रमशाळेतील मुलांना सुट्ट्यांत एकत्र बोलावता येईल. ज्या धर्मग्रामाच्या हद्दीत भट्टी असेल, तेथील धर्मशिक्षकाला चिठ्ठी देऊन मूल त्याच्याकडे सोपवता येईल. आणि मुलांशी वारलीत, कोकणीत, त्यांच्या घरच्या बोलीत बोलता येईल. बायबलचे मराठी आता पुष्कळ सोपे झाले आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ला २०१३ साली साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, ही आपल्या समाजाच्या अभिमानाची गोष्ट. तरीही पाड्यावरच्या मुलाला प्रमाण मराठी ही शाळेची भाषा वाटते. देवाशी त्याने शाळेच्याच भाषेत बोलावे असा हट्ट नसावा.

खुंट आणि कलम

आमच्या भागातील आदिवासी कुमारांना आज एक प्रश्न वारंवार ऐकावा लागतो : तुम्ही ख्रिस्ती, तर आदिवासी कसे? प्रश्न विचारणारा कधी वर्गमित्र असतो, कधी गावातला मोठा माणूस. दृढीकरणाची तयारी करून घेणाऱ्याने या प्रश्नाला बगल दिली, तर मुलाच्या मनात संस्काराचा अर्थ 'आपल्या माणसांपासून तुटणे' असा होऊन बसेल. कायद्याची बाजू मुलाला ठाऊक असावी. अनुसूचित जमातींविषयीच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट घातलेली नाही; जमात ही जन्माने आणि समाजाने ठरते. पण कायद्याने मनाचे समाधान होतेच असे नाही. मनाला दुसरे उत्तर लागते.

डहाणू-घोलवडचा चिकू २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळून देशभर गाजला. हा चिकू मुळात अमेरिका खंडातला. आपल्याकडे त्याचे कलम रायणीच्या खुंटावर बांधतात. रायण ही आपल्या मातीची, कणखर, उन्हापावसाला सरावलेली. खुंट रायणीचा, फांदी चिकूची, आणि गोडी दोघांच्या एकजीव होण्याची. कलम बांधताना खुंट मुळासकट उपटून टाकणारा बागवान आम्ही पाहिलेला नाही. संत पौलानेही रोमकरांना लिहिताना कलमाचाच दाखला दिला आणि फांदीला बजावले, की मूळ तुला उचलून धरते, याचा विसर पडू देऊ नकोस. वारली मुलाचे मातीवरचे प्रेम, पिकाचा पहिला दाणा देवापुढे ठेवण्याची रीत, तारप्याच्या नादावर सगळ्यांनी एका वर्तुळात नाचणे, पाड्यावर कोणी उपाशी राहू नये ही जाणीव, हा तो खुंट आहे. पवित्र आत्म्याची दाने त्यावर बांधली जातात. जेथे खुंटात कीड असेल, दारूची, भगताच्या भीतीची, कोणा बाईला चेटकीण ठरवण्याची, तेथे ती काढलीच पाहिजे. पण कीड आणि खुंट यांतला फरक ओळखूनच कोयता चालवावा.

धैर्य कशासाठी?

जुन्या विधीत बिशप दृढीकरण घेणाऱ्याच्या गालावर हलकी चापट मारीत. आपल्या आजीआजोबांना ती आठवत असे. तू आता ख्रिस्ताचा शिपाई आहेस, अपमान सोसायला तयार राहा, असा तिचा अर्थ सांगितला जाई. १९७१ च्या विधीत चापट गेली आणि तिच्या जागी शांतीचे अभिवादन आले. शिपायाची प्रतिमा मागे पडली हे बरेच झाले, कारण शिपायाला समोर शत्रू लागतो आणि आपल्या मुलांना कोणी शेजारी शत्रू वाटावा अशी आपली इच्छा नाही. पण चापटीबरोबर धैर्यही वगळले गेले असेल तर मात्र नुकसान झाले. आत्म्याच्या सात दानांत धैर्य आजही आहे.

धैर्य म्हणजे काय, हे सांगायला आपल्या घरचा संत आहे. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रूसावर हुतात्मा झाले. १८६२ साली ते संत म्हणून घोषित झाले. त्यांचे नाव वसईच्या प्रत्येक घरात घेतले जाते. परंतु त्या टेकडीवर त्यांच्यासह जे एकूण सव्वीस जण मेले, त्यांत तीन कोवळी मुले होती, हे मुलांना क्वचितच सांगितले जाते. लुई इबाराकी बारा वर्षांचा, आंतोनी तेरा वर्षांचा आणि थॉमस कोझाकी त्यांहून थोडा मोठा. श्रद्धा सोडलीस तर जीव वाचेल, असे छोट्या लुईला सांगितले गेले आणि त्याने नकार दिला, अशी परंपरा आहे. आपल्या दृढीकरणाच्या वर्गातल्या मुलांच्याच वयाची ही मुले. संत थॉमस यांचे देहाच्या आणि आत्म्याच्या वयाविषयीचे म्हणणे येथे जिवंत होते.

हे सांगून मुलांना मरणाची हौस लावायची नाही. आपल्या मुलांपुढे नागासाकीचा क्रूस बहुधा येणार नाही. त्यांच्यापुढे रोजचा, छोटा, कंटाळवाणा क्रूस येईल. तलासरी तालुक्यातील झरी गावी मे १९४५ मध्ये हजारो वारली जमले आणि जमीनदाराची वेठ यापुढे करायची नाही असा त्यांनी निश्चय केला. गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात त्या लढ्याची हकिगत लिहून ठेवली आहे. त्यांची विचारसरणी आपल्याला मान्य असो वा नसो, पिढ्यान्पिढ्या मान खाली घालणाऱ्या माणसाने एके दिवशी 'नाही' म्हटले, यात आत्म्याचा वारा नव्हता असे आम्ही म्हणू धजणार नाही. आजच्या कुमारांनाही 'नाही' म्हणायचे प्रसंग येतात. मित्र बाटली पुढे करतात तेव्हा. परीक्षेत चिठ्ठी सरकवली जाते तेव्हा. मुलगी दहावीत असतानाच घरात तिच्या लग्नाची बोलणी निघतात तेव्हा. मजुरांची मजुरी मुकादम कापतो आणि हिशेब कळणारा एकटा आपणच असतो तेव्हा. दृढीकरणाच्या वर्गात सात दानांची नावे पाठ झाली आणि यांपैकी एकाही प्रसंगाची चर्चा झाली नाही, तर त्या पाठांतराचा काय उपयोग?

जो 'आता नको' म्हणतो त्याचे काय?

आता सर्वांत अवघड प्रश्न. यादीत नाव आहे, वर्ग पुरे झाले आहेत, आणि एखादा मुलगा किंवा मुलगी फादरांना किंवा आईला म्हणते, "मला आता हे घ्यायचे नाही. माझा विश्वास बसत नाही." अशा वेळी घरात काय होते? बाप संतापतो, आई रडते, पाहुण्यांना काय सांगायचे याची चिंता पडते, कोणी तरी पुढच्या लग्नाची आठवण काढते. कारण लग्नाआधी दृढीकरण झालेले असावे असे धर्मकायदा सांगतो. बहुधा मूल गप्प बसते आणि रांगेत उभे राहते.

आमच्या मते तेथे त्या मुलाला रांगेत ढकलणे योग्य नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्यावरील घोषणापत्रात सांगितले, की श्रद्धेची कृती स्वभावतःच स्वेच्छेची असते आणि कोणावरही तिची सक्ती करू नये. हे आपण परक्यांसाठी मान्य करतो. स्वतःच्या मुलांसाठी मान्य करताना जड जाते. पण दान सक्तीने दिले की ते दान राहत नाही, तो कर होतो. शिवाय जो मुलगा 'माझा विश्वास बसत नाही' असे तोंडावर सांगतो, त्याने त्या क्षणी खरे बोलण्याचे धैर्य दाखवलेले असते. बाकीचे मुकाट रांगेत उभे आहेत ते सगळे विश्वासाने उभे आहेत, असे कोण छातीठोकपणे म्हणेल?

येथे कोणी म्हणेल, की मग मुलांना मोकळेच सोडा. तसे मात्र आम्ही म्हणत नाही. धर्मकायदा संस्काराचे कर्तव्य सांगतो आणि त्याच कलमात आईवडिलांची व धर्मगुरूंची जबाबदारीही सांगतो. 'आता नको' याचा अर्थ 'कधीच नको' असा घेणे हा एक आळस आहे आणि 'तुला विचारतो कोण' असे म्हणणे हा दुसरा. थांबणे आणि टाकून देणे यांत फरक आहे. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला बाप मुलाच्या मागे दोर घेऊन धावला नाही, आणि दार लावून आत झोपलाही नाही. मुलगा अजून दूर असतानाच त्याने त्याला पाहिले. म्हणजे त्याचे डोळे वाटेवर होते. मुलाने 'नको' म्हटल्यावर आईबापांनी करायचे काम हे वाट पाहण्याचे आहे. घरची प्रार्थना चालू ठेवायची, त्याला तिच्यातून हाकलायचे नाही आणि ओढायचेही नाही. त्याच्या शंकांना, जमेल तेवढे, खरे उत्तर द्यायचे. जमले नाही तर 'मलाही हे पुरते कळलेले नाही, तरी मी प्रार्थना करतो' असे सांगायचे. एवढे प्रामाणिक वाक्य पुष्कळ पाठांतरापेक्षा मुलाच्या मनात अधिक काळ राहते.

याच ठिकाणी धर्मपिता आणि धर्ममाता यांची गरज लागते. शक्यतो स्नानसंस्काराच्या वेळचेच धर्ममातापिता दृढीकरणालाही असावेत, अशी ख्रिस्तसभेची इच्छा आहे. कारण आरंभीचा शब्द त्यांनी दिलेला असतो. आपण मात्र पुष्कळदा घड्याळ किंवा सायकल देईल असा माणूस शोधतो. मुलाला घड्याळाहून अधिक गरज असते ती, आईबापांना सांगता येत नाही ते ज्याला सांगता येईल अशा एका मोठ्या माणसाची. आपल्या ओळखीत असा माणूस कोण, हा प्रश्न प्रत्येक घराने संस्काराआधी स्वतःला विचारावा.

काही सूचना

धर्मग्रामांच्या विचारासाठी तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, तयारीच्या वर्षात प्रत्येक कुमाराची धर्मगुरूंशी किंवा धर्मभगिनींशी एक तरी एकांतातली भेट व्हावी आणि तीत 'तुला काय वाटते?' एवढाच प्रश्न असावा. दुसरी, वर्गातल्या तासांबरोबर काही तास सेवेचे असावेत. पाड्यावरच्या एका म्हाताऱ्या माणसाला पाणी भरून देणे, पहिलीतल्या मुलाला वाचायला शिकवणे, आजाऱ्याबरोबर सरकारी दवाखान्यात जाऊन रांगेत उभे राहणे. तिसरी, संस्कारानंतरच्या रविवारी त्या मुलांना काही काम द्यावे. वाचन, गायन, लहानांचा वर्ग, पाड्यावरची प्रार्थना, काहीही. लावणी केलेल्या रोपाकडे पाठ फिरवून घरी जाणारा शेतकरी नसतो. बांधावर उभा राहून तो पाणी किती आहे ते पाहतो.

शेवटी त्या तिसऱ्या क्रियापदाविषयी. दृढीकरण 'झाले' असे म्हणण्याची घाई आपण करू नये. बिशपांच्या हातून जे दिले जाते ते एकदाच दिले जाते. ती मुद्रा पुसली जात नाही आणि म्हणूनच ती पुन्हा उमटवावी लागत नाही. दान पूर्ण असते. ते घेणे मात्र पुढची सगळी वर्षे चालू राहते, भट्टीवर, वसतिगृहात, कारखान्याच्या पाळीत, स्वतःच्या संसारात. आईबापांनी, धर्ममातापित्यांनी आणि धर्मग्रामाने मुलाला त्याच्या कामाला लावून देण्यापुरते नव्हे, तर त्या वर्षांतही त्याच्या शेजारी उभे राहायचे आहे. आपल्या घरातल्या कुमाराचे नाव यंदा यादीत असेल, तर त्याला प्रार्थना पाठ झाली का, हे अवश्य विचारा. मग थोडे थांबा आणि त्याला जे विचारायचे आहे तेही त्याला विचारू द्या.